आऊट

मागच्या चाकाला पोचा आला तो सप्टेंबरात,
उतरणीच्या शेवटच्या पायरीवर,
जिथं सगळेच वाचतात.
ताट पडावं तसा आवाज,
टायरमधलं पांढरं दूध दगडांवर,
आणि मग घरापर्यंत
दर फेऱ्यात एकदा फ्रेमला घासत
शिस्क, शिस्क,
म्हाताऱ्यासारखं कुरकुरत आलेलं चाक.

हेलेधचं दुकान जुन्या खाणीच्या कचेरीत.
बाहेर पाटीच्या दगडाचा चुरा, डोंगराएवढा.
या गावाच्या पाट्या कुठकुठल्या देशांत
पोरांनी थुंकीनं पुसल्या असतील.
तिनं चाक स्टँडला लावलं, फिरवलं, एक डोळा मिटला.
"आऊट निघेल. पोचा नाही निघायचा.
हब चांगला आहे, तो राहू दे.
रिम बघ."

मग महिनाभर मी रिमच बघत होतो.
रात्री, नेरिस झोपल्यावर.
आतून सत्तावीस की तीस,
भोकं अठ्ठावीस की बत्तीस,
वजन ग्रॅममध्ये.
मी, स्वतःचं वजन विचारलं की खोकणारा,
शाळेची बस चालवणारा,
साठ ग्रॅमसाठी
पहाटे दोनपर्यंत जागा.

हेलेधनं दोन्ही काउंटरवर ठेवल्या.
कार्बनची काळी, बोटांचा ठसाही न घेणारी.
दुसरी ॲल्युमिनियमची,
स्वयंपाकघरातून आल्यासारखी.
"ही म्हणते, मोडेन पण वाकणार नाही.
ही वाकेल, कण्हेल,
पण तुला घरी नेऊन सोडेल.
तुझ्या घरी कुठल्या जातीची माणसं आहेत?"
मला माबली आठवली, बारा वर्षांची,
मग तिची आई,
आणि कोण कुठल्या बाजूला ते काही ठरेना.

कोपऱ्यात हीटरजवळ तिचा बाप, मायरिग.
चाळीस वर्षं दगड फोडले त्यानं.
फोडले नाही, उलगडले,
वहीचं पान पानापासून सोडवावं तसे.
सुरुंगांनी कान गेले. यंत्र आहे, पण तो बोटांनीच ऐकतो.
उठला. नखानं टिचकी मारली काळीवर.
टक.
मारली दुसरीवर,
आणि ती बोलत राहिली,
चहाचा एक घोट गिळून होईपर्यंत.
"छिन्नी लावायच्या आधी विचारायचं असतं," तो म्हणाला.
"आत चीर असली की दगड खोटं बोलतो.
पण आवाज लपवता येत नाही त्याला."
मग काळीची किंमत विचारली,
आणि ऐकून
कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

मागच्यासाठी ॲल्युमिनियम. तीस. बत्तीस भोकं.
रंग एकच शिल्लक होता, जांभळट,
खोकल्याच्या औषधाचा.
हेलेधनं तारा ओवल्या,
प्रत्येक तार तिघींना ओलांडून,
मग चावीनं पाव फेरा, पाव फेरा,
चाखत चाखत मीठ घालावं तशी.
तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा पाव.
"पन्नास मैल झाले की घेऊन ये.
नव्या तारा रुसतात."

पुढच्या चाकाला
तसं काहीच झालेलं नव्हतं.

तरी पुढची मी कार्बनची घेतली.

कशाला, ते विचारू नका. हेलेधनंही नाही विचारलं,
फक्त पावती दोन कागदांवर केली.
जांभळा ठसा सोलवटून काढायला
ती स्वतःच पुढे झाली.
घरी सांगितलं, पुढची काळी, मागची जांभळी,
बाकी दोन्ही सारख्याच.
नेरिस म्हणाली, बरं.

टायर चढवायचे राहिलेली दोन चाकं
रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली.
माबली पाणी प्यायला आली.
मायरिगकडे ती शनिवारी चित्तरकथा वाचायला जाते,
हे मी विसरलो होतो.
तिनं जाता जाता एकीला टिचकी मारली.
मग दुसरीला.
थांबली.
पुन्हा पहिलीला.

ग्लास ओट्यावर ठेवला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि दिवा मालवून
वर निघून गेली.